कचहरीचं मत

११ सप्टेंबर

सरपंच काकी आज ब्लाउजचं माप द्यायला आल्या. हात वर करून उभ्या असतानाच म्हणाल्या, "कनिया, गळा साधाच ठेव. आता मला कुठं कचहरीत बसायचंय."

माझी टेप तिथंच थांबली. "म्हणजे?"

"या वेळी अर्ज भरणार नाही मी."

लग्नाला सोळा वर्षं झाली, मुलगी आठवीत गेली, तरी मी अजून सगळ्या गावाची कनिया, म्हणजे नवी सूनच आहे. काकीही तेच म्हणतात. आमच्याकडं गावचा कारभार मुखिया बघतो, आणि सरपंच कचहरीत बसून गावातले तंटे सोडवतो. मी त्यांना खाट दिली, चहा टाकला आणि कारण विचारलं.

"मागच्या खेपेला सरपंचाच्या पेटीतून निम्मे कागद कोरे निघाले," त्या म्हणाल्या. "उरलेल्यांतले किती तरी बाद. शिक्का दोन चित्रांच्या मधोमध. लोक आत जातात, मुखियाचं बटण दाबतात, यंत्र पीं करतं, की झालं मतदान. कचहरीचा कागद हातात तसाच. मुखिया रस्ता देतो, नळ देतो, घरकुल देतो. सरपंच काय देतो?"

"न्याय देतो," मी म्हटलं.

"तो काय ताटात वाढता येतो? मी एखाद्याला सांगते, बाबा, बांध हातभर मागे घे. तो म्हणतो, तुला निवडलंय कुणी? काय बोलू त्याला?"

मी रिकामा कप उचलला. त्या गेल्यावर मात्र पुष्कळ सुचलं.

दोन वर्षांपूर्वी थोरल्या दिरांनी माझं दार आणि हापसा यांच्यामध्ये बांबूचा तट्ट्या उभा केला होता. हे पानिपतला, घोंगड्यांच्या गिरणीत. थोरल्या दिरांशी आमच्यात धाकट्याच्या बायकोनं बोलायचं नसतं, त्यांच्यासमोर तोंड उघडं ठेवायचं नसतं, आणि त्यांनीही तिचं नाव घ्यायचं नसतं. मग तक्रार कशी करायची? मी मुकाट्यानं रस्त्यापलीकडून पाणी आणू लागले. आणि एका सकाळी काकी आपणहून आल्या. ओरडल्या नाहीत. दोन्ही दारांच्या मधोमध बसल्या, आमच्या चुलीवरचा भात खाल्ला, थोरल्या जाऊबाईंच्या चुलीवरची मासळी खाल्ली. हात धुताना दिरांना म्हणाल्या, "सोनेलाल, तुझी आई धाकट्याकडं राहते ना? मग तिचं पाणी कुठल्या वाटेनं येतं?" दिरांनी स्वतःच्या हातानं तट्ट्याचे दोर सोडले.

पोलीस नाही, वकील नाही. आजही मी कळशी घेऊन दारातून निघते तेव्हा काकींची आठवण येते. अशी बाई घरी बसणार म्हणते, आणि मी तिला साधा गळा शिवून देऊ?

१४ सप्टेंबर

टुनटुन चौधरी सरपंचाला उभा राहतोय. त्याचा साडू मुखियाला. तळ्याच्या घाटाकडं जाणारी वाट टुनटुननं कुंपणात घेतली आहे आणि ते प्रकरण काकींच्याच कचहरीत चालू आहे. म्हणजे तो निवडून आला तर स्वतःच्याच खटल्याचा न्यायाधीश.

थोरले दीर त्याच्या मोटारसायकलवर मागं बसून फिरतात. संध्याकाळी म्हशीला वैरण टाकताना म्हशीलाच म्हणाले, "थांब बाई, सरपंच बदलू दे. हापशाची वाट कुणाची ते मग बघू." म्हैस ऐकत नव्हती. मी ऐकत होते, हे त्यांना ठाऊक होतं.

भीती वाटली. लपवून काय करू.

१६ सप्टेंबर

ब्लाउज द्यायच्या निमित्तानं काकींकडं गेले. त्या जाळं विणत होत्या. मी सांगितलं, "लोक कागद कोरा टाकतात ते तुम्ही नकोत म्हणून नाही. त्यांना तो कसा वापरायचा तेच माहीत नाही. मी शिकवेन."

"तू?" त्या हसल्या. "बरं. मी उभी राहते. पण तूही उभी राहा."

"कशाला?"

"पंचाला. तुमच्या सात नंबर वार्डातून कुणी अर्जच भरत नाही. खुर्ची रिकामी राहते. तंटा आला की दोन्ही बाजूंनी आपापला एक पंच सांगायचा असतो, आणि माझ्याकडं सांगायला पंचच नसतात."

मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणून आले. कसं झालं, अजून कळत नाही.

घरी सासूला सांगितलं. माय म्हणाली, "तुला कोण निवडणार? तू तर कोंबडीला हाकलताना पण हळू बोलतेस." मग थोड्या वेळानं, "फोटो लागेल ना? माझी निळी साडी घाल. तुझ्या सगळ्या विटल्यात."

यांचा फोन आला. हे म्हणाले, "पंच होऊन मिळतं काय?" मी म्हटलं, "काही नाही." पलीकडं गिरणीचा आवाज चालू होता. मग म्हणाले, "काकींनी सांगितलंय तर भर."

२० सप्टेंबर

ब्लॉक ऑफिसात अर्ज दिला. माय बरोबर आली, काठी टेकत, गुडघ्यांना शिव्या देत. बाबूंनी माझं नाव मोठ्यानं वाचलं, "विभा देवी." मायनं इकडंतिकडं बघितलं. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "अगं, तूच की."

२७ सप्टेंबर

अर्ज मागे घ्यायची मुदत संपली. आमच्या वार्डात पंचाला दुसरा अर्जच नाही. मी बिनविरोध निवडून आले. लोकांनी लाडू मागितले, मी गूळ वाटला.

खरं सांगायचं तर आत कुठंतरी टोचलं. सगळ्या गावाला मी सांगत सुटले आहे की मत टाका, आणि मला मात्र एकाचंही मत पडणार नाही. कुणी म्हटलं, "तुला निवडलंय कुणी?" तर काकींना जे सुचलं नाही ते मला काय सुचणार.

२८ सप्टेंबर

उद्या जितियाचा उपवास. मुलांसाठी करतात तो, पाण्याचा थेंबही नाही. म्हणून आज साऱ्या बायका नाचणीची भाकरी आणि मासळी खायला एकत्र जमतात. यंदा मी त्यांना आमच्या अंगणात बोलावलं. एवढ्या बायका एका जागी पुन्हा मिळणार नव्हत्या.

बटाटा अर्धा कापून शिक्का केला. शाई म्हणून पायाला लावायचा लाल आलता. ब्लाउजच्या कटिंगचे जुने वर्तमानपत्राचे तुकडे होते, त्यांवर रेघा मारून एकाखाली एक चित्रं काढली: कंदील, बैलगाडी, छत्री. चिन्हं अजून जाहीर व्हायची होती, त्यामुळं काकींचं चिन्ह कुठलं ते कुणालाच माहीत नव्हतं. बरंच झालं. काकींनी बजावलं होतं, "कुणाला टाका ते सांगू नकोस. कसं टाकायचं तेवढं सांग."

"यंत्र वाजलं की घरी यायचं नाही," मी म्हटलं. "यंत्र मुखियाचं आणि बाकीच्यांचं. कचहरीचं मत कागदावर. शिक्का एकाच चित्रावर, रेघेला न शिवता. आणि घडी आधी उभी घालायची, मग आडवी."

"घडीचं काय एवढं?" कुणीतरी विचारलं. "साडी आहे का ती?"

मी आडवी घडी घालून दाखवली. उघडली, तर कंदिलावरचा ओला आलता खालच्या बैलगाडीवर उमटलेला. "आता सांगा, हे मत कुणाचं?"

सगळ्या कागदावर वाकल्या. मग माय म्हणाली, "म्हणजे गेली चाळीस वर्षं मी दोघा-दोघांना मत दिलं म्हणायचं." हसता हसता एकीला ठसका लागला.

थोरल्या जाऊबाई, दुलारी दीदी, शेवटी आल्या. त्या येतील असं वाटलं नव्हतं. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, भाकरी घेतली नाही. निघताना म्हणाल्या, "ती उभी घडी परत दाखव." दाखवली. परत म्हणाल्या, "आणखी एकदा." कागदाचा तुकडा कनवटीला खोचून गेल्या.

त्यांचं मत टुनटुनला जाणार हे उघड आहे. तरी शिकवलं. शिकवायचं तर सगळ्यांना.

४ ऑक्टोबर

टुनटुनची माणसं घरोघर सांगताहेत, "मुखियाचं बटण दाबा आणि या. कागदाच्या रांगेत कशाला ताटकळता? त्यानं काय होतंय?" हुशार आहे. त्याचे लोक कागद टाकणारच. बाकीच्यांनी टाकला नाही की झालं.

बाहेर पडले की बायका थांबवतात. आज एकीनं सांगितलं, शेजारणीच्या बकरीनं तिची दोडक्याची वेल खाल्ली. मी दोघींना घेऊन वेलीपाशी बसले. शेजारीण म्हणाली, "माझ्याकडची रोपं देते." मिटलं. तासभर फुकट गेला, त्या वेळात दोन घरं झाली असती. काल नळावरच्या भांडणात असाच वेळ गेला होता. अशानं प्रचार कसा व्हायचा?

५ ऑक्टोबर

नवीन अडचण. मल्लाह टोला ही पलीकडची वस्ती आणि शाळेतलं बूथ यांच्यामध्ये सखल रानात अजून पुराचं पाणी आहे. कंबरेपर्यंत, मध्ये त्याहून जास्त. काकींच्या मुलाची नाव आहे. मी म्हटलं, "तीच लावू."

काकी म्हणाल्या, "मत मागणाऱ्यानं मतदाराला आपल्या नावेतून न्यायचं नाही. नियम आहे."

"टुनटुन जीप लावणार आहे, काकी."

"तो त्याचा न्याय. मी माझ्या कचहरीत काय तोंडानं बसू?"

मला राग आला. अशा माणसासाठी राबायचं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. घरी येऊन मशीनवर बसले तर दोरा चारदा तुटला. मग वाटलं, याच हट्टापायी तर तट्ट्या सुटला होता. तेव्हा गोड लागला, आता कडू लागून कसं चालेल.

८ ऑक्टोबर

मतदान झालं. बोटाची शाई वाळली आहे, मी मात्र अजून ओली. सगळं लिहून ठेवते.

सकाळीच पाण्याच्या काठी गेले. पलीकडं टोल्यातल्या बायका उभ्या, साड्या गुडघ्यावर खोचलेल्या. दोघी-तिघी पाण्यात उतरल्या आणि छातीपर्यंत आल्यावर मागं फिरल्या. म्हाताऱ्यांचा तर प्रश्नच नव्हता. हात धरून साखळी करू असं मी ओरडून सांगत होते, पण मलाच पोहता येत नाही.

एवढ्यात वळणावरून एक नाव आली. पदर डोक्यावरून घट्ट गुंडाळून दुलारी दीदी स्वतः बांबूनं नाव रेटत होत्या. त्यांचं माहेर नदीकाठचं. पण सासरी आल्यापासून त्यांनी बांबूला हात लावलेला मी पाहिला नव्हता. नाव दिरांचीच, मासळीची, अजून वास येत होता.

"दीदी, तुम्ही?"

"हे मोटारसायकलवर आहेत. नाव रिकामी होती," त्या म्हणाल्या. "मला तसंही पलीकडून कमळकाकडी आणायची होती."

देवाची कृपा म्हणतात ती ही. नेमकी आजच त्यांना कमळकाकडीची आठवण व्हावी. दुपारपर्यंत त्यांनी किती खेपा केल्या कोण जाणे. दर वेळी म्हणत, "जातेच आहे तर बसा." हातांना फोड आले. कमळकाकडी आणायची शेवटी राहूनच गेली, हे मला आत्ता लिहिताना लक्षात येतंय. उद्या बाजारातून आणून देईन.

बूथवर टुनटुनचा माणूस दाराबाहेर म्हणत होता, "चला चला, बटण दाबून मोकळ्या व्हा." टोल्यातली एक म्हातारी, दात नाहीत, त्याच्यासमोर थांबली. म्हणाली, "बाळा, मी पाण्यातून आले. मोकळी व्हायला नाही आले." आणि कागदाच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तिच्या मागं सगळ्या.

आत मीही काकींच्या चित्रावर शिक्का मारला. घडी उभी, मग आडवी.

बाहेर आले तर टुनटुनची मोटारसायकल उभी, शेजारी दीर. ते काठाला बांधलेल्या नावेकडं बघत होते. मी पदर ओढून पाठ फिरवली. दीदी शांतपणे म्हणाल्या, "आटोपलं असेल तर घरी चला. माझ्या हातांत आता जोर नाही, जाताना बांबू तुम्ही धरा." दिरांनी बांबू धरला.

१० ऑक्टोबर

काकी निवडून आल्या. थोडक्यात, पण आल्या.

मुखिया टुनटुनचा साडूच झाला. म्हणजे तीच माणसं, तेच गाव. पण कचहरीचा कागद कुणाला द्यायचा ते लोकांनी वेगळं ठरवलं. मोजणीच्या ठिकाणाहून काकींचा मुलगा सांगत आला की आमच्या शाळेच्या पेटीतले कागद सुटे करताना बाबू म्हणाला, "इथं उभी घडी कुणी शिकवली?" कोरे कागद हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

मायला सांगितलं तर म्हणाली, "या वेळी मी एकालाच दिलं." आणि देवापुढं दिवा लावला.

१२ ऑक्टोबर

काकींना भेटायला गेले. दोन वर्षं विचारायचं राहिलेलं आज विचारलं. "तो तट्ट्या लागला तेव्हा तुम्हाला कळलं कसं? मी तर कुणाला सांगितलं नव्हतं."

"एक बाई आली होती. भल्या पहाटे. रडत होती."

"कोण?"

"नाव सांगणार नाही असा शब्द दिलाय." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुझ्या रोजच्या बघण्यातली आहे, कनिया. बघत जा जरा."

वाटभर विचार केला. चौकीदाराची बायकोच असणार. पहाटे तीच आमच्या दारावरून जाते आणि रडायलाही ती पटकन रडते. ठेवणीतलं हिरवं कापड काढलं, तिला ब्लाउज शिवला आणि देऊन आले. ती गोंधळली, पण घेतला. थोरपण असतं एकेकाचं, कबूलसुद्धा करत नाही.

दारात दीदी उभ्या होत्या. "कुणाला दिलास ब्लाउज?" मी सगळं सांगितलं. त्या एवढ्या हसल्या, एवढ्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. हातांवरच्या फोडांना हळद लावली होती, त्या हातांनी माझा गाल धरला. म्हणाल्या, "शिकलेली आहेस ना तू, मॅट्रिक?"

काय हसण्यासारखं होतं कळलं नाही. पण बरं वाटलं. कमळकाकडी त्यांच्या घरात ठेवून आले.

१९ जानेवारी

बरेच महिने लिहिलं नाही. लग्नसराईची शिलाई होती, मग शपथ झाली, मग थंडी. आज नव्या कचहरीची पहिली बैठक होती.

धुकं इतकं की पंचायत भवनात दिवे लावावे लागले. सतरंजीवर आम्ही सगळे पंच. मी कडेला, पदर नाकापर्यंत. पहिलंच प्रकरण पुकारलं, "सोनेलाल मंडल विरुद्ध टुनटुन चौधरी." मी पदर आणखी खाली ओढला.

निवडणुकीनंतर टुनटुननं आपला ट्रॅक्टर दिरांच्या गव्हातून न्यायला सुरुवात केली होती. कोवळं पीक चाकाखाली गेलं. दीर बोलायला गेले तर म्हणाला, "आपलाच माणूस ना तू? मग काय कटकट?" ही सगळी हकिकत मला आज कचहरीत कळली. दीदी बोलल्या नव्हत्या.

काकींनी दोघांना समोर बसवलं. टुनटुनला विचारलं, "तुमच्या बाजूनं पंच कोण?" त्यानं लगेच वार्ड दोनच्या पंचाचं नाव सांगितलं.

"सोनेलाल, तुझा?"

दीर जमिनीकडं बघत राहिले. टुनटुन हसला. "सांग की. सगळी ओळखीचीच तर आहेत. घे कुणाचंही नाव."

"नाव मला घेता येत नाही," दीर म्हणाले.

कुणाला काही समजेना. समजलं ते आधी काकींना. त्यांनी हळूच विचारलं, "वार्ड सात?"

"हो. त्या."

सोळा वर्षांत त्यांनी माझ्याविषयी काढलेला पहिला शब्द. मला आपले कान खोटे वाटले.

"ती तर घरची भावजय आहे," टुनटुन म्हणाला. "तुझीच बाजू घेणार."

"घरची आहे म्हणूनच सांगतो," दीर म्हणाले. "माझी चूक असेल तर माझी बाजू घेणार नाहीत त्या."

काकी म्हणाल्या, "सोनेलाल, टुनटुनचा आक्षेप बरोबर आहे. नात्यातला पंच चालायचा नाही. दुसरं सांग." त्या असं म्हणणार हे मला माहीत होतं. दिरांनी मान हलवली, वार्ड चारच्या पंचाचं नाव घेतलं. मी उठून मागं जाऊन बसले. मागून सगळं ऐकलं. ट्रॅक्टर बांधावरून न्यायचा आणि मोडलेल्या पिकाची भरपाई टुनटुननं द्यायची असं ठरलं. त्यानं सही केली. रागानं केली, पण केली. समोर गाव बसलं होतं.

घरी येऊन मायला सांगितलं. म्हटलं, "मला एक मत पडलं होतं, माय. पण बाद झालं."

माय तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माझ्या पोरानं दिलेलं ना? मग बाद कसं? मी मोजलं."